पहारा दारावर, घूस जमिनीखाली

जुईनगरला राहतो म्हटलं की नवी मुंबईबाहेरच्या माणसाच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही. मग मी म्हणतो, "अहो, ते भुयार खणून बँक लुटली होती ना, ते जुईनगर." लगेच ओळख पटते.

नोव्हेंबर २०१७ ची गोष्ट. इथल्या बँक ऑफ बडोदाच्या शाखेजवळचा एक गाळा काही लोकांनी काही महिने आधी भाड्याने घेतला आणि त्यात दुकान थाटलं. बाहेरून साधं जनरल स्टोअर. आत मात्र खणणं चालू होतं. शेजारच्या गाळ्यांच्या खालून भुयार बँकेच्या लॉकर रूमपर्यंत पोचलं. दुसरा शनिवार आणि रविवार अशी जोडून सुट्टी आली. १३ तारखेला, सोमवारी, बँकेतल्या लोकांनी लॉकर रूम उघडली तेव्हा तीसेक लॉकर फोडलेले होते आणि जमिनीला भगदाड पडलेलं होतं.

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. सोसायटीत पुढचे दोन आठवडे हाच विषय. निम्मे लोक म्हणायचे, "वॉचमन काय झोपला होता का?" उरलेले म्हणायचे, "सराईत टोळी असते हो, त्यांच्यापुढे कोण काय करणार?" मला दोन्ही उत्तरं पटायची. लॉकर रूमच्या जमिनीखाली काय चाललंय हे बघणं नेमकं कोणाचं काम होतं, हा प्रश्न मला तेव्हा सुचलाही नाही. पुढे नोकरीत माझ्या स्वतःच्या हाताखालची जमीन पोकळ निघाली, तेव्हा सुचला.

या लेखात मला एवढंच म्हणायचंय. कुठल्याही कंपनीत, बँकेत, सरकारी ऑफिसात बाहेरचा माणूस कंप्युटरमध्ये घुसला की आपल्याकडे दोनच उत्तरं तयार असतात. एक म्हणजे "बाहेरचा शत्रू फार हुशार होता" आणि दुसरं "आतल्या कोणीतरी चुकून क्लिक केलं". ही दोन्ही उत्तरं कधीकधी खरी असतात. पण दोन्हींचा उपयोग एकच असतो. संस्था सुटते.

घूस म्हणजे काय

रिमोट ॲक्सेस ट्रोजन. आद्याक्षरांवरून रॅट. इंग्रजीतला हा उंदीर मराठीत आणायचा तर मी त्याला घूस म्हणेन. उंदीर घरात फिरताना दिसतो तरी. घूस घराखाली राहते, पाया पोखरते आणि एक दिवस फरशी खचते तेव्हा कळतं.

रॅट म्हणजे दुरून तुमचा कंप्युटर चालवू देणारा प्रोग्राम, जो दुसऱ्याच कशाचं तरी सोंग घेऊन आत येतो. बिल, कोटेशन, कोर्टाची नोटीस, सॉफ्टवेअरचं अपडेट. एकदा बसला की पलीकडच्या माणसाला तुमचा स्क्रीन दिसतो, तुम्ही दाबलेली प्रत्येक की नोंदली जाते, फायली नेता येतात, नवीन ठेवता येतात, कॅमेरा आणि माइक चालू करता येतात. कंप्युटर बंद करून चालू केला तरी तोही परत चालू होतो.

यातली सर्वात महत्त्वाची गोष्ट बहुतेक मॅनेजरांना माहीत नसते. रॅट बाहेरून तुमचं दार ठोठावत नाही. तो आत बसून बाहेर फोन लावतो. तुमच्या ऑफिसातली फायरवॉल बाहेरून येणाऱ्यांना अडवायला बसवलेली असते. आतून बाहेर जाणाऱ्यांना ती सहसा विचारत नाही, कारण आतून बाहेर तर सगळेच जातात. मेल बघतात, क्रिकेटचा स्कोअर बघतात. त्या गर्दीत दर काही मिनिटांनी एक कंप्युटर कुठल्यातरी अनोळखी पत्त्यावर "मी इथे आहे, काही काम?" असं विचारून येतो. पहारेकरी दारावर जागाच असतो. त्याला नेमूनच दिलेलं नसतं की बाहेर जाणाऱ्यांकडेही बघायचं.

पाचवं स्टेशन

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. लॉकडाऊनमुळे मी जुईनगरच्या घरातूनच काम करत होतो. सकाळी दहाच्या सुमारास पंखा थांबला, वायफाय गेलं. वाटलं, आपल्याच बिल्डिंगचं काहीतरी. मग कळलं की मुंबई, ठाणे, नवी मुंबई, सगळीकडची वीज गेलीय. लोकल जागच्या जागी उभ्या होत्या. कोविडचे दिवस, हॉस्पिटलं जनरेटरवर. कळवा-पडघा पट्ट्यातल्या ४०० केव्हीच्या वाहिन्या बंद पडल्या होत्या. काही भागांत दोन-अडीच तासांत वीज आली, काहींना रात्रीपर्यंत थांबावं लागलं.

राज्याच्या विजेचा तोल जिथून सांभाळला जातो ते राज्य भार प्रेषण केंद्र ऐरोलीला आहे, ठाणे-बेलापूर रोडवर. जुईनगरहून ठाण्याकडे जाणारी गाडी पकडली तर पाचवं स्टेशन.

साडेचार महिन्यांनी, २८ फेब्रुवारी २०२१ ला, रेकॉर्डेड फ्यूचर या अमेरिकी कंपनीचा अहवाल आला. चीनशी संबंध असलेल्या एका गटाने भारताच्या वीज क्षेत्रातल्या दहा संस्थांना लक्ष्य केलं होतं आणि त्यात देशातल्या पाचपैकी चार विभागीय भार प्रेषण केंद्रं होती, असं त्यात म्हटलं होतं. गटाला त्यांनी नाव दिलं रेडएको. हत्यार होतं शॅडोपॅड. हा शॅडोपॅड म्हणजे मोठ्या घरची घूसच. २०१७ मध्ये तो पहिल्यांदा उघडकीस आला तेव्हा सर्व्हर सांभाळण्याच्या एका नावाजलेल्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमध्ये लपून बसला होता.

दुसऱ्याच दिवशी तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महाराष्ट्र सायबरचा अहवाल मांडला. वीज मंडळाच्या यंत्रणेत १४ ट्रोजन घातले गेले असावेत, ८ जीबी बेहिशेबी डेटा बाहेरच्या सर्व्हरवरून आला असावा, असं त्यात होतं. त्यावर केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, वीज मानवी चुकीमुळे गेली, सायबर हल्ल्यामुळे नाही.

इथे मला पूर्ण प्रामाणिक राहायचंय. त्या दिवशीची वीज रॅटमुळे गेली असं सिद्ध झालेलं नाही. खुद्द रेकॉर्डेड फ्यूचरनेही तसा दावा केला नव्हता. पण पुढचे आठवडाभर चॅनलांवर काय चाललं ते आठवा. एका बाजूला "चीन", दुसऱ्या बाजूला "मानवी चूक". पुन्हा तीच दोन उत्तरं. टोळी सराईत होती की वॉचमन झोपला होता?

आणि या भांडणात एक गोष्ट कोणाच्या लक्षात राहिली नाही. काही नियंत्रण केंद्रांवर शॅडोपॅडचा धोका असल्याचा मेल सर्ट-इनने १९ नोव्हेंबर २०२० लाच पाठवला होता, असं ऊर्जा मंत्रालयानेच सांगितलं होतं. म्हणजे वीज कशानेही गेलेली असो, वीज क्षेत्रात घूस फिरत होती हे सरकारला माहीत होतं. ती कोणत्या वाटेने आली, किती दिवस राहिली, कोणाच्या लॉगिनने फिरली, हे प्रश्न चर्चेत आलेच नाहीत. शत्रू कोण यावर वाद घालायला मजा येते. फरशी कोणाची होती, हा प्रश्न कंटाळवाणा असतो.

पुढच्याच वर्षी, एप्रिल २०२२ मध्ये, याच कंपनीचा दुसरा अहवाल आला. या वेळी लडाख सीमेजवळच्या राज्यांमधली किमान सात भार प्रेषण केंद्रं लक्ष्य झाली होती. शॅडोपॅडला हुकूम द्यायला काय वापरलं होतं? इंटरनेटला उघडे जोडलेले सीसीटीव्हीचे डीव्हीआर आणि कॅमेरे. कोणाच्या तरी पार्किंगवर लक्ष ठेवणारी डबडी. चोर पकडायला बसवलेला कॅमेराच चोराचा टेलिफोन एक्सचेंज झाला.

माझी फरशी

आता माझी गोष्ट.

२०२१ मध्ये मी तुर्भे एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत होतो. चाळीसेक कंप्युटर. पद डेव्हलपरचं, पण छोट्या कंपनीत ज्याला कंप्युटर कळतो त्याला प्रिंटरपासून सर्व्हरपर्यंत सगळंच बघावं लागतं. सगळी मशीन मीच लावली होती. एक तयार केलं आणि त्याची नक्कल बाकीच्यांवर चढवली. ॲडमिनचा पासवर्ड सगळीकडे एकच. कंपनीचं नाव, ॲटचं चिन्ह, एक दोन तीन. बिलिंगचं जुनं सॉफ्टवेअर ॲडमिन हक्काशिवाय चालायचं नाही, म्हणून सगळ्यांना ॲडमिन करून टाकलं. लॉकडाऊनमध्ये घरून काम करता यावं म्हणून सगळ्या मशीनवर दुरून चालवायचं फुकट सॉफ्टवेअर टाकलं आणि त्यालाही तोच पासवर्ड ठेवला. तेव्हा साहेबांनी पाठ थोपटली होती. "एका दिवसात चाळीस लोक घरून कामाला लावले पोराने."

अकाउंट्समध्ये एक ताई होत्या. वीस वर्षं त्याच खुर्चीवर. एक दिवस त्यांना नेहमीच्या एका पुरवठादाराकडून मेल आला. नेहमीचाच पत्ता, जुन्याच पत्रव्यवहाराखाली उत्तर. थकबाकीचं स्टेटमेंट जोडलंय, बघून घ्या. आत झिप फाइल, तिच्यात पीडीएफचं चित्र असलेली एक फाइल. खरं तर तिच्या नावाच्या शेवटी पीडीएफ आणि मग ईएक्सई असं होतं. पण विंडोज नावाचं हे शेपूट मुळातच लपवून ठेवतं, त्यामुळे ताईंना दिसलं फक्त पीडीएफ. त्यांनी दोनदा क्लिक केलं. काहीच उघडलं नाही.

आणि त्यांनी मला फोन केला. "अरे, जरा बघ ना. एक स्टेटमेंट आलंय, उघडतच नाहीये."

मी दुसऱ्या कशात तरी होतो. म्हणालो, "सोडा हो ताई. त्यांना परत पाठवायला सांगा."

पुढचे काही आठवडे ताईंच्या मशीनवरून कोणीतरी आमची कंपनी निवांत बघत होतं. पासवर्ड सगळीकडे एकच, म्हणून तिथून खरेदी विभागाच्या मशीनवर जायला त्याला काहीच कष्ट पडले नाहीत. कोणाला कधी किती पैसे जातात, मेलची भाषा कशी असते, सही कोण करतं, हे सगळं त्याने पाहिलं. मग एका मोठ्या बिलाच्या वेळी त्याच पुरवठादाराच्या मेलमध्ये "आमचं बँक खातं बदललंय" अशी एक ओळ आली. नऊ लाखांच्या आसपास रक्कम गेली. पुरवठादाराने "पेमेंट का नाही झालं" म्हणून फोन केला तेव्हा कळलं. तोवर ते खातं रिकामं झालं होतं.

मीटिंग झाली. साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, "क्लिक कोणी केलं?"

मी लॉग काढून ठेवले होते. ताईंच्या मशीनचं नाव सांगितलं.

ताई म्हणाल्या, "मी याला लगेच फोन केला होता."

मी म्हणालो, "फाइल उघडत नाही एवढंच सांगितलं होतं तुम्ही."

हे वाक्य खरं होतं. म्हणूनच ते इतकं नीच होतं. पासवर्ड माझा होता, ॲडमिनचे हक्क मी वाटले होते, दहा मिनिटांत आलेली सूचना मी उडवून लावली होती. पण त्या खोलीत प्रश्न क्लिकचा होता आणि क्लिक माझं नव्हतं. दोन महिन्यांनी ताईंनी नोकरी सोडली. कंपनीने सगळ्यांसाठी "सायबर जागरूकता" नावाचं एक तासाचं प्रेझेंटेशन ठेवलं. ते मीच दिलं. त्यात एक स्लाइड होती, "माणूस ही सर्वात कमकुवत कडी".

कमकुवत कडीचं थोतांड

हे वाक्य आपल्या क्षेत्रात सुविचारासारखं फिरतं. मला आता त्याचा राग येतो. अकाउंट्सच्या माणसाचं कामच मुळी अनोळखी जोडपत्रं उघडायचं असतं. एचआरवाल्याचं काम अनोळखी लोकांचे बायोडाटा उघडायचं. दिवसाला साठ फायली उघडायला लावायच्या आणि एकसष्टावी उघडली की "लक्ष कुठे होतं" म्हणायचं, याला सुरक्षा म्हणत नाहीत.

आणि क्लिकच नसेल तर? २७ जून २०१७ ला आपल्या उरणच्या जेएनपीटी बंदरातलं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल ठप्प झालं. मर्स्क या डॅनिश कंपनीच्या जगभरच्या यंत्रणेत नॉटपेट्या शिरला होता. सुरुवात युक्रेनमध्ये झाली. तिथल्या कंपन्या हिशेबासाठी वापरत असलेल्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये आधीच एक मागचं दार बसवून ठेवलं होतं आणि त्यातून तो सोडला गेला. उरणमधल्या कोणी काही चुकीचं उघडलं नव्हतं. आत शिरल्यावर तो पसरला तो चोरलेल्या ॲडमिन पासवर्डांवर आणि वेळेत न बुजवलेल्या भोकांमधून. मर्स्कला जवळपास ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कंप्युटर नव्याने उभे करावे लागले. इथे तुम्ही कोणाला जागरूक करणार होता?

उलट उदाहरण बघा. इंटरनेटवरून आलेल्या वर्ड-एक्सेलच्या फायलींमधले मॅक्रो वर्षानुवर्षं रॅटचा राजमार्ग होता. "मॅक्रो चालू करू नका" असं आपण लोकांना वर्षानुवर्षं सांगत राहिलो. २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली आणि हल्लेखोरांना दुसऱ्या वाटा शोधाव्या लागल्या. इतक्या वर्षांच्या भाषणांनी जे झालं नाही ते एका सेटिंगने झालं.

दोष देण्याचा आणखी एक तोटा आहे. एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या आदेशानुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. नियम चांगला आहे. पण सहा तासांचं घड्याळ चालू होणार कधी? कोणीतरी "माझ्याकडून काहीतरी उघडलं गेलंय" असं म्हणेल तेव्हा. ज्या ऑफिसात ताईंचं काय झालं हे सगळ्यांनी पाहिलंय, तिथे पुढचा माणूस फोन करेल?

नाव तुमचं, हात दुसऱ्याचा

हे फक्त पैशांपुरतं नाही. पुण्याच्या एल्गार परिषद प्रकरणात आरोपींच्या कंप्युटरमधली पत्रं हा मोठा पुरावा होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी फॉरेन्सिक कंपनीने, बचाव पक्षाच्या विनंतीवरून केलेल्या तपासणीनंतर म्हटलं की रोना विल्सन यांचा लॅपटॉप बावीस महिने नेटवायर नावाच्या रॅटच्या ताब्यात होता आणि त्यातूनच ती पत्रं तिथे ठेवली गेली. एनआयएने हे म्हणणं नाकारलं. त्याचा निवाडा कोर्टाचा आहे. पण नेटवायर ही काही कुठल्या सरकारची गुप्त प्रयोगशाळेतली वस्तू नव्हती. ते वेबसाइटवर उघड विकलं जायचं. मार्च २०२३ मध्ये एफबीआयने ती साइट जप्त केली आणि क्रोएशियात एकाला अटक झाली.

म्हणजे तुमच्या लॉगिनखाली जे सापडतं ते तुम्हीच केलं असेल असं नाही. ज्या संस्थेत चाळीस मशीनला एक पासवर्ड आहे, तिथे "लॉगमध्ये यांचं नाव आहे" या वाक्याला किती अर्थ उरतो? तरी मीटिंगमध्ये तेच वाक्य चालतं. मी चालवलंय.

मग करायचं काय

"छोट्या कंपनीकडे एवढे पैसे कुठे?" हा आक्षेप मला माहीत आहे. मी स्वतः तो वापरायचो. म्हणून ज्याला जवळपास पैसे लागत नाहीत तेवढंच सांगतो.

रोजच्या वापराच्या लॉगिनला ॲडमिनचे हक्क नकोत. साहेबांनाही नकोत, आपल्यालाही नकोत. आपल्याला तर मुळीच नकोत. जुनं सॉफ्टवेअर अडत असेल तर त्या एका फोल्डरपुरती परवानगी द्या, घराच्या किल्ल्या वाटू नका.

प्रत्येक मशीनचा ॲडमिन पासवर्ड वेगळा ठेवा. मायक्रोसॉफ्टचं लॅप्स हे साधन हे काम आपोआप करतं. आमच्याकडे हे एक जरी असतं तरी घूस ताईंच्या टेबलाखालीच अडकली असती.

डाउनलोड्स आणि तात्पुरत्या फोल्डरांतून प्रोग्राम चालूच होऊ देऊ नका. ॲपलॉकरसारखी सोय विंडोजमध्येच असते. मग बिलाचं सोंग घेतलेल्या फाइलवर कोणी शंभरदा क्लिक केलं तरी काही होत नाही. आणि फाइलींची शेपटं दिसू द्या, ते तर एका मिनिटाचं काम आहे.

दुरून मशीन चालवायचं साधन एकच ठेवा, बाकी सगळी अडवा. एनीडेस्क वाईट सॉफ्टवेअर नाही. पण फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेला त्याच्या नावाने इशारा द्यावा लागला होता, कारण चोरांना वेगळा रॅट लिहायची गरजच उरली नव्हती. तुम्हीच बसवलेलं वापरता येत होतं. जे ठेवाल त्याला पासवर्डशिवाय दुसरी खूणही लावा.

बाहेर जाणाऱ्यांवर पहारा बसवा. सर्व्हरने इंटरनेटवर कुठे जायचं याची यादी छोटी असते, तेवढीच उघडी ठेवा. सीसीटीव्ही, प्रिंटर, बायोमेट्रिक मशीन वेगळ्या नेटवर्कवर टाका. आणि लॉग कोणीतरी खरोखर वाचा. आठवड्यातून एक तास, ठरलेल्या माणसाने, पगारी कामाच्या वेळेत.

बँक खातं बदलल्याचा मेल आला तर जुन्या नंबरवर फोन करून खात्री केल्याशिवाय एक रुपया हलवू नका.

आणि घूस सापडलीच तर ते मशीन नेटवर्कवरून तोडा, पण लगेच बंद करू नका. मेमरीतला पुरावा जातो. पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून बदला. मग सगळं पुसून नव्याने चढवा. "साफ केलं" यावर विश्वास ठेवू नका. पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० वर फोन करा. तिथे तासांना किंमत असते.

हे वाचून "काम अडेल" असं म्हणणारा मॅनेजर भेटेल. अडेल. सुरुवातीचा महिना शिव्या खाव्या लागतील. आमच्याकडे नऊ लाख गेल्यावर काम तीन आठवडे अडलं होतं.

हे सगळं तुमच्या फोनलाही लागू आहे. लग्नपत्रिका किंवा वाहनाचं चलन म्हणून व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाइल ही फोनमधली घूसच असते. ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मिळाली की स्क्रीन वाचते, ओटीपी उचलते. त्याच फोनवर तुमचा ऑफिसचा मेल असतो. मावशीला "कसं कळलं नाही तुला" म्हणून ओरडण्याआधी तिच्या फोनमधली बाहेरून ॲप टाकायची परवानगी बंद करून द्या.

फोन

मी आता दुसरीकडे काम करतो. तिथे आम्ही एक नियम केलाय. कोणीही "काहीतरी विचित्र उघडलं" असा फोन केला तर पहिलं उत्तर "बरं झालं सांगितलंत" हेच द्यायचं. मग उठून त्या टेबलापाशी जायचं. गेल्या वर्षी असे बरेच फोन आले. बहुतेक वेळा काही नसतं. एकदा होतं. अर्ध्या तासात ते मशीन वेगळं काढलं आणि कोणालाही मीटिंगला बोलवावं लागलं नाही.

हा लेख पाठवण्याआधी मी ताईंना फोन केला. चार वर्षांनी. सगळं सांगितलं, पासवर्डचं, ॲडमिनचं, त्या मीटिंगमधल्या वाक्याचं. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मला वाटायचं, खरंच माझंच चुकलं. नव्या ऑफिसात अजूनही फाइल उघडताना हात थरथरतो." मग म्हणाल्या, "लिहितोयस तर हे पण लिही, की मी फोन केला होता."

ताईंनी फोन केला होता.